समुद्रविद्येची उमेदवारी

विद्या ही एकांतात साधावयाची वस्तू आहे, ही आपल्याकडील समजूत फार जुनी असून, दिवा, पुस्तक आणि बंद दार एवढ्यांचा बंदोबस्त झाला की पांडित्याची निम्मी वाट सरली असे मानणारे पालक आजही घरोघर आढळतात. व्याकरणाच्या किंवा गणिताच्या अभ्यासकाला ही समजूत कितपत लागू पडते याची चिकित्सा येथे करावयाची नाही. परंतु ज्याच्या अभ्यासाचा विषय समुद्र आहे त्याला ती पहिल्याच सफरीत टाकून द्यावी लागते. चार हजार मीटर खोलीवरचे पाणी एकट्या माणसाला वर आणता येत नाही. कोणी आणून दिले तरी त्यातील क्षार, वायू, पोषकद्रव्ये आणि सूक्ष्मजीव यांची तपासणी एकट्याच्या हातून पुरी होत नाही. आणि झाली तरी इतरांच्या आकड्यांशेजारी आपले आकडे मांडल्यावाचून त्यांचा अर्थ उलगडत नाही. म्हणून समुद्रविज्ञानात पीएच.डी.साठी उमेदवारी करणाऱ्या तरुण मंडळींचे सहजीवन, म्हणजे त्यांच्या सफरी, पाळ्या, चर्चा, उत्सव आणि भांडणेसुद्धा, अभ्यासाच्या रीतीचाच एक भाग आहे असे माझे मत आहे. आणि ते पडताळून पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही, गोव्यात दोनापावल येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेपर्यंत गेले तरी पुरे.

या संस्थेचा जन्मच मुळी एका सामुदायिक उद्योगातून झाला. १९६० च्या सुमारास आरंभ होऊन १९६५ मध्ये समाप्त झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत निरनिराळ्या देशांची सुमारे ४० जहाजे सहभागी झाली होती, आणि आपल्या नौदलाने ‘किस्तना’ ही लढाऊ नौका या कामासाठी शास्त्रज्ञांच्या दिमतीस दिली होती. मोहिमेच्या चालकांनी एक शहाणपणाचा नियम मुक्रर केला: प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे बारीक जीव, गोळा करावयाचे ते सर्वांनी एकाच मापाच्या जाळ्याने, आणि ते जाळे २०० मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत उभे ओढूनच. अशा रीतीने जमलेल्या बरण्या कोचीनच्या जैविक केंद्रात येऊन पडल्या, आणि नुकत्याच पदव्या घेतलेल्या तरुण मुलामुलींनी सूक्ष्मदर्शकाशी बसून त्यांतील जीव जातवार वेगळे केले. जहाज एका देशाचे, बरणी दुसऱ्याची आणि डोळे तिसऱ्याचे असा तो व्यवहार होता. मोहीम संपताच, १ जानेवारी १९६६ रोजी, डॉ. एन. के. पणिक्कर यांच्या संचालकत्वाखाली ही संस्था स्थापन झाली आणि कोचीनचे केंद्र तिच्यात विलीन झाले. पुढे तिचे मुख्य ठाणे गोव्यात आले. कोची, मुंबई व विशाखापट्टणम येथे तिची प्रादेशिक केंद्रे आहेत.

आज तेथे संशोधनासाठी येणारा विद्यार्थी बहुधा एम.एस्सी. होऊन, ‘नेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उतरून, कनिष्ठ संशोधनवृत्ती पदरात पाडून आलेला असतो. ही वृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये असून दोन वर्षांनंतर ती वाढते. ती इथवर आली तीही सहजासहजी नव्हे; २०१९ च्या जानेवारीत देशभरातील संशोधक विद्यार्थ्यांनी दिल्लीत निदर्शने केली तेव्हा कुठे २५,००० ची रक्कम ३१,००० झाली. रक्कम कागदावर वाढली म्हणजे ती वेळेवर हाती पडते असे मात्र कोणी समजू नये. विलंबाच्या महिन्यांत घरभाडे एकाने भरावे, किराणा दुसऱ्याने आणावा आणि थकबाकी आली की हिशेब चुकता करावा, हा रिवाज संशोधकांच्या बिऱ्हाडांतून इतका रुळलेला आहे की त्याची कोणी लेखी नोंदही ठेवीत नाही.

ही बिऱ्हाडे वसतिगृहात असतात, त्याप्रमाणे ताळगाव, मिरामार, सांतिनेझ अशा वस्त्यांतील भाड्याच्या खोल्यांतही असतात. आणि त्यांत एक केरळचा, एक ओडिशाचा, एक बंगालचा आणि एक रत्नागिरीचा असा मेळ जमणे हा अपवाद नसून नियम आहे. मासळीवर सर्वांचे एकमत असते, ती शिजवण्याच्या पद्धतीवर मात्र कधीच होत नाही. चवथीला गोमंतकीय सोबत्याच्या घरी, ओणमला मल्याळी मित्राकडे, आणि वसंत पंचमीला बंगाली मंडळींनी मांडलेल्या सरस्वतीपुढे, अशी वर्षाची वाटणी आपोआप होते. विद्येच्या बाबतीतही हा समाज तितकाच मिश्र आहे, कारण प्रवाहांचा अभ्यास करणारा पदार्थविज्ञानातून आलेला असतो, गाळाचा अभ्यासक भूशास्त्रातून, प्लवकांचा जीवशास्त्रातून आणि पाण्यातल्या वायूंचा रसायनशास्त्रातून. यांना एकमेकांची परिभाषा प्रथम कळत नाही. ती कळू लागते ती वर्गात नव्हे, तर जहाजावर.

जहाजे हा या समाजाच्या अभिमानाचा विषय होय. १९७६ मध्ये दाखल झालेली ‘गवेषणी’ ही गाळ वाहणाऱ्या जहाजात फेरफार करून तयार केलेली नौका होती. तिच्यावर आणि त्यानंतर १९८३ मध्ये जर्मनीत बांधून आलेल्या, १०० मीटर लांबीच्या ‘सागर कन्या’वर आजच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांची उमेदवारी झाली. २०१४ पासून संस्थेच्या स्वतःच्या मालकीची ८० मीटर लांबीची ‘सिंधु साधना’ आहे, आणि मार्च २०२१ मध्ये, साथीचे सावट असतानाच, ती हिंदी महासागरातील सूक्ष्मजीवांच्या जनुकांची व धातूंची नोंद घेण्यासाठी विशाखापट्टणमहून सुमारे ९,००० सागरी मैलांच्या फेरीवर निघाली होती. सफरीला विद्यार्थी ‘क्रूझ’ म्हणतात, आणि ज्या ठरावीक अक्षांश-रेखांशावर जहाज उभे करून पाणी घ्यावयाचे त्या बिंदूला ‘स्टेशन’ म्हणतात. पहिली क्रूझ ही या मंडळींच्या गणनेतली खरी दीक्षा होय, प्रवेशाचा दिवस नव्हे.

तिची तयारी कित्येक आठवडे आधीपासून चालते. नमुन्यांच्या बाटल्या आम्लात भिजवून, शुद्ध पाण्याने पुनःपुन्हा विसळून, एकेकीवर खुणा घालून पेट्यांत भरावयाच्या. रसायने, गाळणकागद, नळ्या, जादा नळ्या आणि त्या जादा नळ्या हरवल्या तर लागतील अशाही नळ्या यांची याद करावयाची. कारण समुद्रात दुकान नाही. जहाजावर चढल्यावर प्रथम जे शिकावयाचे ते म्हणजे दोर बांधणे. प्रयोगशाळेच्या टेबलावर जी वस्तू बांधलेली नाही ती पहिल्या मोठ्या लाटेबरोबर जमिनीवर येणार, हे जुनी मंडळी नव्यांना बजावतात. नवे मान डोलावतात. आणि पहिल्या मोठ्या लाटेनंतर ते मनापासून बांधू लागतात. समुद्र लागणे हा तर सर्वांच्या वाट्याचा प्रसाद. कोणी ॲव्होमिनच्या गोळ्या घेतो, कोणी लिंबू चोखतो, कोणी क्षितिजाकडे टक लावून डेकवर उभा राहतो, आणि त्याची पाळी आली तर न बोलता दुसरा कोणी त्याच्या जागी उभा राहतो. ही बदली कोणाच्या हुकुमाने होत नसते.

स्टेशन आले की, मग ते दुपारी दोनला असो वा रात्री दोनला, विंचच्या तारेवरून सीटीडी पाण्यात उतरतो. क्षारता, तापमान आणि खोली अखंड मोजणारे हे यंत्र असून त्याच्याभोवती वर्तुळाकार चौकटीत बारा किंवा चोवीस निस्किन बाटल्या उभ्या बसवलेल्या असतात. या बाटल्या दोन्ही तोंडे उघडी ठेवून खाली जातात आणि वर येताना, ज्या ज्या खोलीचे पाणी हवे तेथे तेथे, जहाजावरून संकेत देताच एकेक करून मिटतात. तार सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगाने सुटते, त्यामुळे चार हजार मीटरांवर जाऊन परत येण्यास, मधले थांबे धरून, तीन तासांच्या आसपास वेळ जातो. या तीन तासांत जे काही बोलले जाते त्यावर या शास्त्राचे पुष्कळ शिक्षण अवलंबून आहे, असे मला वाटते. पडद्यावर तापमानाची रेघ उतरत असते, आणि ती एकाएकी का वळली हे रसायनवाल्याला पदार्थविज्ञानवाला सांगतो, त्याच खोलीवर प्लवकांचा थर का असेल हे जीवशास्त्रवाली सांगते. पुस्तकात जे तीन प्रकरणांत विभागलेले असते ते येथे एकाच रेघेवर दिसते.

चौकट डेकवर आली म्हणजे पाण्याची वाटणी सुरू होते, आणि ती पंगतीइतकीच क्रमाने चालते. बाटलीत साधारण दहा लिटर पाणी असले तरी मागणारे पुष्कळ. प्रथम मान वायू तपासणाऱ्यांचा, कारण बाटलीची तोटी एकदा उघडली की हवा आत शिरते आणि पाण्यातील वायूंचे प्रमाण बदलू लागते. म्हणून ऑक्सिजनचा नमुना सर्वांआधी, मग कार्बनाशी संबंधित नमुने, मग पोषकद्रव्ये, आणि क्षारतेला हवेने लगेच बाध येत नसल्यामुळे तिचा नमुना घेणाऱ्याने शेवटपर्यंत धीर धरावा. एक जण केवळ यादी घेऊन उभा असतो आणि कोणी कोणत्या बाटलीतून काय नेले याची नोंद करतो. रांग मोडणाऱ्याला तो हटकतो, मग मोडणारा त्याचा गाईड का असेना. हुद्द्यापेक्षा नमुन्याच्या स्वभावाला अधिक मान देणारी अशी दुसरी सभा आपल्या विद्याक्षेत्रात मला ठाऊक नाही.

ऑक्सिजन मोजण्याची रीत हंगेरीच्या लायोश विंक्लर यांनी १८८८ मध्ये सांगितली. काचेच्या कुपीत बुडबुडा न येऊ देता तळापासून पाणी भरावयाचे, ते वाहून जाऊ द्यावयाचे, मग त्यात मँगनीजचा क्षार आणि आयोडाइडयुक्त अल्कली अशी दोन रसायने सोडून बूच लावून हलवावयाचे. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो. पुढे आम्ल घालून तो विरघळवतात आणि मोकळ्या झालेल्या आयोडीनचे प्रमाण थायोसल्फेटने काढतात. स्टार्चमुळे आलेला निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो तो थेंब ओळखणे हीच येथली कसोटी. अरबी समुद्रात सुमारे १५० मीटरांपासून १,००० मीटरांपर्यंत ऑक्सिजन फार कमी असलेला थर पसरलेला असून त्याच्या वरच्या भागात तो जवळजवळ नाहीच. त्या खोलीच्या कुप्यांत साका तपकिरी न पडता पांढरा पडतो. पुस्तकात दहा वेळा वाचलेली गोष्ट अशी पांढऱ्या रंगात हातात आली की नवा उमेदवार ती कुपी शेजाऱ्याला दाखवल्याशिवाय राहत नाही, आणि शेजारी, त्याने ती शंभरदा पाहिलेली असली तरी, पाहतो. त्या थरातील जीवाणू ऑक्सिजनाऐवजी नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायू बाहेर टाकतात. समुद्रातील नायट्रोजनाच्या जमाखर्चात म्हणूनच आपल्या दारच्या या समुद्राला जागतिक महत्त्व आहे.

अशा कामाच्या जोडीला खेळही असतातच. खोल स्टेशन आले की थर्माकोलच्या पेल्यांवर नावे, चित्रे, गाईडची व्यंगचित्रे रंगवून ते जाळीच्या पिशवीत घालून सीटीडीच्या चौकटीला बांधतात. दर दहा मीटरांना दाब एका वातावरणाने वाढत असल्यामुळे तीन हजार मीटरांवर तो सुमारे तीनशे पट होतो, पेल्यातील हवा पिळून निघते, आणि पेला वर येतो तो बोटाच्या टोपणाएवढा होऊन, चित्रासकट. जगभरच्या सागरी विद्यार्थ्यांत हा रिवाज आहे. विषुववृत्त प्रथमच ओलांडणाऱ्यांना समुद्रदेवाच्या दरबारात उभे करून त्यांची फजिती करण्याची खलाशांची जुनी चालही पुष्कळ संशोधन-जहाजांवर पाळली जाते. तीत कोणाला जबरदस्तीने ओढू नये, एवढेच माझे म्हणणे.

मोठ्या क्रूझा वर्षाकाठी मोजक्याच, आणि त्यांत जागा मिळेलच असे नाही. परंतु किनाऱ्याजवळचे काम अव्याहत चालते. कांदोळीच्या समोर, साधारण २५ मीटर खोलीच्या एका ठरलेल्या बिंदूवर, १९९७ पासून वारंवार जाऊन पाणी तपासले जाते. पावसाळी वाऱ्यांमुळे खालचे थंड, ऑक्सिजन-न्यून पाणी किनाऱ्याकडे चढते आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर बसल्यामुळे वरून हवा मिसळत नाही. परिणामी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी ऑक्सिजन संपून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडसुद्धा आढळतो. एवढ्या वर्षांची ही माळ कोणा एकाच्या प्रबंधाची नाही. एक विद्यार्थी पदवी घेऊन जातो, दुसरा त्याच्या जागी होडीत बसतो, आणि जाणाऱ्याने येणाऱ्याला शिकवण्याची ही परंपरा खंडित झाली असती तर त्या आकड्यांची किंमत निम्म्यावर आली असती.

जमिनीवरील आयुष्य याच्या मानाने निरस, हे कबूल केले पाहिजे. पहिल्या वर्षी वर्गातील अभ्यासक्रम, मग सल्लागार समितीपुढे हजेरी, मग एखादा शोधनिबंध सर्वांनी वाचून त्याची चिरफाड करण्याच्या बैठका, आणि परिषदेला जाणाऱ्याचे भाषण मित्रांनी आधी ऐकून त्यातील उणिवा निष्ठुरपणे दाखवण्याचा उपयुक्त कार्यक्रम. प्रबंध काही जण गोवा विद्यापीठाला सादर करतात, काही जण वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या ‘ॲक्सिर’ या अकादमीला. आणि या दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांना काही आठवडे ग्रामीण समाजाच्या गरजेशी निगडित प्रकल्पही करावा लागतो, जो मनापासून केल्यास फार शिकवतो आणि शिक्क्यापुरता केल्यास काहीच नाही. खरी कठीण वर्षे शेवटची. जहाजावर ज्याला एक मिनिट एकटे राहता आले नाही तो लिहिण्याच्या खोलीत महिनोन् महिने एकटा पडतो, बैठका टाळू लागतो, घरून विचारणा होते की अजून किती. आणि अशा वेळी संस्थेच्या कोणत्याही नियमापेक्षा चहाला ओढून नेणारा सहकारी अधिक कामास येतो.

भांडणांचा उल्लेख वर केला आहे, त्यांचेही मूळ सांगितले पाहिजे. पाण्याची वाटणी सोपी, आकड्यांची कठीण. एकाच बाटलीतून निघालेल्या आठ-दहा जणांच्या आकड्यांवरून निबंध लिहावयाचा झाल्यास प्रथम नाव कोणाचे, रात्रपाळीत नुसते पाणी गाळणाऱ्याचे नाव असावे की आभारांत त्याची बोळवण करावी, दुसऱ्याच्या प्रबंधाला लागणारे आकडे आधी छापावे की थांबावे, हे प्रश्न मैत्री मोडतात. यावर उपाय एकच: बंदर सोडण्यापूर्वीच्या बैठकीत हे सारे लेखी ठरवून त्यावर ज्येष्ठांनीही सही करावी. तोंडी भरवशावर सर्वांत कनिष्ठाचे नुकसान होते, असाच सर्वत्र अनुभव आहे.

या समाजात स्त्रियांचे स्थान आज सहज दिसत असले तरी ते मिळवावे लागलेले आहे. पुण्याला बी.एस्सी. होऊन, ॲलिस्टर हार्डी यांचे समुद्रावरील पुस्तक हाती पडल्याने या विद्येकडे वळलेल्या, हवाई व लंडन येथे शिक्षण घेतलेल्या आदिती पंत या औंधच्या पंत घराण्यातील विदुषी याच संस्थेत काम करीत होत्या. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. भारतीय मोहिमेतून तेथे पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे तेथील पहिले ठाणे उभे राहिले.

आपल्या वर्तुळाबाहेर पाहण्याची सवयही या विद्यार्थ्यांना लागलेली आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होणाऱ्या किनारा-सफाईत ते उतरतात, २०१७ पासून चालू असलेल्या ‘जिज्ञासा’ उपक्रमात शाळकरी मुलांना प्लवक दाखवतात. आणि मुंबईत त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमातील ओहोटीच्या फेऱ्यांनी तर हे सिद्ध केले की हाजीअली किंवा गिरगावच्या खडकांतही समुद्रजीवांचा अभ्यास होऊ शकतो आणि त्यासाठी कोणाची पदवी विचारावी लागत नाही.

राहता राहिली या वाटेला लागू इच्छिणाऱ्यांसाठी एक माहिती. विज्ञान शाखांची ‘नेट’ परीक्षा जीवशास्त्र, रसायन, भौतिकी, गणित आणि पृथ्वी-वातावरण-महासागरविज्ञान अशा पाच विषयांत होते, आणि या पाचांपैकी कोणत्याही विषयाचा मनुष्य समुद्राच्या कामी येतो. गणित्यालाही प्रवाहांची प्रारूपे रचण्याचे काम आहे. तरीही समुद्राच्या अगदी काठी वसलेल्या आपल्या पुष्कळ महाविद्यालयांत ही गोष्ट विद्यार्थ्याच्या कानावर पदवी हाती पडल्यानंतरच येते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघर जिल्ह्यांतील प्राध्यापकांनी ती पहिल्या वर्षीच सांगावी, आणि जमल्यास संस्थेच्या खुल्या दिवशी विद्यार्थ्यांना दोनापावलला नेऊन तेथील अधिकाऱ्यांपेक्षा संशोधक मुलामुलींशीच त्यांची गाठ घालून द्यावी.